ऊब राहू दे, धूर जाऊ दे

(थंडीच्या दिवसांत आपल्या गावरेडिओवर झालेलं हे बोलणं. बोलणाऱ्या ताई निवृत्त आरोग्यसेविका आहेत. गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचता यावं म्हणून त्या जशा बोलल्या तसंच छापलं आहे.)

जेवणं उरकली असतील, भांडी व्हायची असतील. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज मला बाळंतिणीच्या खोलीबद्दल बोलायचंय.

मी उपकेंद्रात सत्तावीस वर्षं नर्स होते. बाळंतपणानंतर घरी जाऊन बाळ-बाळंतीण बघायची, हे माझं रोजचं काम. त्या खोल्या तुम्हीही बघितल्यात. दार लोटलेलं. खिडकीला पोतं किंवा जुनं लुगडं लावलेलं, फटीत चिंध्या कोंबलेल्या. बाजेवर बाळंतीण, कुशीत बाळ, आणि बाजेखाली घमेल्यात इंगळ. त्यावर मधूनमधून ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणाची सालं टाकायची. खोलीभर धुरी. आत गेलं की डोळ्यांतून पाणी येतं, आणि घरातली आजी म्हणते, "बसा सिस्टर, बाळाला कसं उबदार ठेवलंय बघा."

आजीचं निम्मं बरोबर असतं. बाळाला ऊब लागतेच. नऊ महिने ते आईच्या पोटात ऊबेत असतं, बाहेर आल्यावर त्याचं अंग लवकर गार पडतं, आणि गार पडलेलं बाळ दूध ओढत नाही. उरलेलं निम्मं मात्र चुकतं. ऊब द्यायला म्हणून आपण इंगळ ठेवतो, आणि ऊबेबरोबर धूर देऊन बसतो. ऊब आणि धूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक ठेवायची आणि दुसरी घालवायची, एवढंच आज सांगायचंय.

न दिसणारा धूर

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. पौषातली थंडी होती. वस्तीवरच्या एका घरी नऊ दिवसांचं बाळ होतं. मी गेले तर बाळंतीण झोपेत असल्यासारखी पडलेली. हाक मारली तर हूं म्हणाली. "डोकं लई जड झालंय, उमळतंय," एवढंच बोलली. बाळ मलूल, सकाळपासून अंगावर प्यायलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "रातभर धूर नव्हता हो, चांगले लाल इंगळ होते."

मी पदर गुंडाळून घमेलं उचललं आणि अंगणात नेऊन ठेवलं. दार-खिडकी उघडली. आईला आणि बाळाला पडवीत आणून गोधडीत गुंडाळलं, आणि गाडी करून दवाखान्यात नेलं. दोघं वाचली. म्हातारी मात्र मला पुढे महिनाभर बोलली नाही. ओल्या बाळंतिणीला वाऱ्यावर काढली म्हणून.

आता ऐका, धूर नसताना असं का झालं? कोळसे लाल झाले की डोळ्यांना धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा जो पदार्थ असतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग गुंगी. माणूस झोपेतून उठतच नाही. थंडीत शेगडी घेऊन दार लावून झोपलेली माणसं सकाळी मेलेली सापडली, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्या याच वायूमुळे.

म्हणून पहिला नियम, आणि हा कुणाच्याही सांगण्यावरून मोडायचा नाही: माणसं झोपलेल्या बंद खोलीत इंगळ, शेगडी, कोळसा ठेवायचा नाही. खोलीत कुणाला अचानक गुंगी आली, दोघातिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर आधी दार उघडा, माणसं मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. इंगळ विझवत बसू नका, आधी माणूस.

माझ्याच घरची गोष्ट

दुसऱ्याच्या घरचं सांगणं सोपं असतं. आता माझ्या घरचं सांगते.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. माझी आई तेव्हा सत्तरीची. घरातला बाळंतविडा, लेप, धुरी सगळं तिच्या हातात. मला माहीत होतं धुरी नको. पण सकाळी मी कामावर जायची, आणि आईला नाही म्हणायची माझी छाती होत नव्हती. दुसऱ्यांच्या घरची घमेली उचलून अंगणात ठेवणारी मी, स्वतःच्या घरात गप्प बसले. रोज दोन वेळा धुरी. संध्याकाळी त्याच खोलीत डासांची कॉइल. आणि भिंतीपलीकडं चूल.

अठराव्या दिवशी बाळ दूध सोडून द्यायला लागलं. पोट उडायला लागलं. मी घड्याळ लावून श्वास मोजले, मिनिटाला बहात्तर. त्याच रात्री तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया. सहा दिवस बाळाच्या नाकाला नळी होती. डॉक्टरांना मी विचारलं, धुरीनं झालं का? ते म्हणाले, एका बाळाबद्दल असं छातीठोक सांगता येत नाही, जंतू कुठूनही येतो. पण धुरातल्या बाळाच्या छातीला जंतूशी झगडायची ताकद कमी राहते.

बाळ घरी आलं. आईनं लगेच धुरीची तयारी मांडली. मी म्हटलं, "आता नको." ती म्हणाली, "तुला लई कळतं. तुम्ही पाच जणं ह्याच धुरीत वाढला नव्हं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, तुझी बाळंतपणं सात झाली. आम्ही पाच राहिलो."

मी असं बोलायला नको होतं. ती दोन बाळं कशानं गेली ते कुणालाच माहीत नाही. तेव्हा दवाखाना नव्हता, रस्ता नव्हता. आई काही बोलली नाही. हातातला ओवा परत डब्यात ठेवला आणि मागच्या दारी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली आणि तिला एक काम दिलं. ते काय ते पुढे सांगते.

एवढ्याशा छातीत धूर

धूर म्हणजे काय? पुरतं न जळलेलं जळण. त्यात इतके बारीक कण असतात की पंचवीस-तीस कण शेजारीशेजारी ठेवले तर आपल्या एका केसाएवढी जाडी होईल. नाकातले केस मोठी धूळ अडवतात, हे कण अडत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही रक्तातही उतरतात.

आपण मोठी माणसं मिनिटाला पंधरा-सोळा वेळा श्वास घेतो. नवं बाळ चाळीस ते साठ वेळा घेतं. एकाच खोलीत बसून बाळ आपल्यापेक्षा जास्त वेळा धूर ओढतं, आणि त्याच्या श्वासाच्या नळ्या आपल्यापेक्षा किती अरुंद! जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरातल्या धुरामुळे लहान मुलांना न्यूमोनियासारखे छातीचे आजार होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. त्याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. त्यांत पाच वर्षांखालची मुलं दोन लाखांवर होती.

हे धुरीपुरतंच नाही, चुलीलाही लागू आहे. आणि चुलीपाशी बाळाच्या आधी आपण बसतो.

माझ्या आईला म्हातारपणी दम लागायचा. चार पावलं चालली की भिंतीला टेकायची. छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, बिडी ओढता?" आई चिडली. "मशेरीबी लावली नाही कधी." डॉक्टर म्हणाले, "मग चुलीपाशी किती वर्षं?" "चौदाव्या वर्षी लगीन झालं, तवापासनं."

घरी येऊन मी हिशेब केला. रोजचे चार तास धरले, पन्नास वर्षं धरली, तर ७३ हजार तास होतात. म्हणजे आठ वर्षं, रात्रंदिवस, न उठता धुरात. बिडी न ओढता.

ही गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात यायलाही एका बाईच लागल्या बरं का. डॉ. एस. पद्मावती, आपल्या देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. फुप्फुसं खराब होऊन हृदयावर ताण येतो, तो आजार त्या दिल्लीत बघत होत्या. सिगारेट ओढणारे पुरुष, तरी आजारी बायाही तेवढ्याच दिसत होत्या. १९५९ साली त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केलं, आणि पुढे त्यांचं बोट स्वयंपाकाच्या धुराकडे गेलं. १९८० च्या सुमारास कर्क स्मिथ नावाचे शास्त्रज्ञ गुजरातेतल्या खेड्यांत आले आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या नाकाशी किती धूर येतो हे त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी यंत्र लावून मोजलं. तोवर हवा मोजायची यंत्रं शहरातल्या रस्त्यांवर असायची. आपल्या सैपाकघरात कोण येणार?

गरोदर बाई चुलीपाशी बसते तेव्हा तिचं रक्त तो धूर बाळापर्यंत नेतं. धुरात राहणाऱ्या आयांची बाळं कमी वजनाची होतात, असं अनेक पाहण्यांत दिसलंय. म्हणून मी म्हणते, बाळंतिणीची खोली नववा महिना संपल्यावर तयार करायची नसते. पाळी चुकली की त्या दिवसापासून करायची.

आईला दिलेलं काम

आता ते काम. मी आईला म्हटलं, "आई, बाळाची ऊब आजपासून तुझ्याकडं. पण इंगळ नाही. तुझ्या अंगाची."

बाळाला लंगोट, टोपी आणि पायमोजे, बाकी उघडं. ते आईच्या छातीवर उभं धरायचं, अंगाला अंग लागलेलं, मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून लुगडं आणि शाल गुंडाळायची. लेक अंघोळीला, जेवायला गेली की माझी आई बाळाला असं छातीशी घेऊन बसायची. पहिल्या दिवशी लाजली. तिसऱ्या दिवशी कुणाला देईना.

ही पद्धत दवाखान्यातही करतात, तिला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ साली दूरच्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरातल्या दवाखान्यात कमी दिवसांच्या बाळांना ठेवायच्या काचेच्या पेट्या पुरेनात. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आता सगळं जग ते करतं. वडीलही करू शकतात, आजोबाही.

ऊब पुरते का हे हातानं बघायचं. बाळाच्या पोटाला हात लावा, मग तळपायाला. दोन्ही उबदार, तर बाळ छान आहे. पोट उबदार पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय, छातीशी घ्या. दोन्ही गार, तर छातीशी धरूनच लगेच दवाखाना गाठा. जन्मल्याबरोबर अंघोळ घालू नका, निदान एक दिवस थांबा. बाळ कमी वजनाचं असेल तर ताई सांगतील तोवर नुसतं पुसून घ्या. गरम पाण्याची बाटली बाळाजवळ ठेवू नका, भाजतं.

बाळंतिणीला शेक हवासा वाटतो, कंबर दुखत असते, त्यात काही वावगं नाही. शेगडी अंगणात पेटवा. फडकं तिथं गरम करा, आधी आपल्या गालाला लावून बघा, मग आत आणून शेका. धुरीचा मान राखायचाच असेल तर तुळशीपाशी करा. बाळ आत, धुरी बाहेर.

खिडकीचं पोतं काढा. वारा थेट बाजेवर येतो अशी भीती असेल तर बाज सरकवा, खिडकी बुजवू नका. वरच्या बाजूची एक फट कायम उघडी हवी, कारण गरम हवा आणि धूर वरच जातो.

कॉइलचंही तसंच. २००३ साली एक पाहणी छापून आली. त्यात डासांची एक कॉइल पूर्ण जळाली की ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण बाहेर पडतात असं मोजलं होतं. बंद खोलीत बाळाशेजारी आपण ती रात्रभर लावतो. त्यापेक्षा मच्छरदाणी लावा. आणि बिडी ओढणाऱ्या दाजींना, मामंजींना उंबऱ्याबाहेर बसवा. बाळासाठी म्हटलं की ऐकतात.

चुलीचं काय

तुम्ही म्हणाल, सिस्टर, गॅस सगळ्यांकडं कुठं असतो? खरं आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, देशात दहा कोटींवर जोडण्या दिल्या गेल्या. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या खेड्यांत शंभरातली फक्त ४३ घरं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी निघाली. आपल्या गावात तर मला दोन्ही दिसतं. चहा गॅसवर आणि भाकरी, अंघोळीचं पाणी चुलीवर. सिलिंडर जपून वापरायचा, दिवाळीला, पाहुण्यांना.

माझं म्हणणं एवढंच, की जपायचाच असेल तर बाळंतिणीसाठी जपा. ज्या घरात गरोदर बाई किंवा वर्षाच्या आतलं बाळ आहे, त्या घरात त्या दिवसांत गॅसचा पहिला हक्क त्यांचा. आणि गटानं ठरवलं तर गटातून सिलिंडर भरायला छोटी उचल देता येते. शेळीला देतो, बियाण्याला देतो, मग बाळाच्या श्वासाला का नको? जोडणी नसेल तर एजन्सीत जाऊन विचारा, नियम आणि अनुदान बदलत राहतं. गोठ्यात दोन-तीन जनावरं आणि पाण्याची सोय असेल तर लहान गोबरगॅसही होतो. त्याला रोज पंचवीस किलोच्या आसपास शेण लागतं.

चूलच पेटवायची असेल तर ती बाळ झोपतं त्या खोलीत नको. पडवीत, छपरात हलवा. पाणी तापवायची चूल तर आजच बाहेर काढता येते, तिला भिंती लागत नाहीत. ओलं जळण जाळू नका. पावसाळ्याआधी थोडं सरपण आत रचून ठेवा. फाटे बारीक करून घाला, भांड्यावर झाकण ठेवा, डाळ आधी भिजवा. जेवढी चूल कमी वेळ, तेवढा धूर कमी. धुराडं असलेली चूल आपल्याला नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत फार पूर्वीच तशी 'मगन चूल' तयार झाली होती. पण धुराड्यात काजळी साचली की धूर परत घरात येतो, म्हणून ते वरचेवर झाडायला हवं. आणि चुलीत प्लॅस्टिक, पिशव्या, जुनी चप्पल पेटवणीला घालू नका. तो धूर सगळ्यांत वाईट.

शेवटचं, आणि हे पाठ करा. बाळ शांत असताना त्याच्या पोटाकडं बघत पुरतं एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असतील, तर ते न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, मलूल असेल, तर सकाळची वाट बघू नका. आशाताई बाळ बघायला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. त्यांच्याकडून मोजायला शिकून घ्या. शाळा कमी शिकलेली बाईही हे करू शकते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली ते जगासमोर आलं.

माझी आई आता नाही. तो नातू यंदा दहावीला आहे, कबड्डी खेळतो. आई जाण्याआधी आमच्या आळीत कुणी बाळंत झालं की काठी टेकत जायची, आणि आधी बाजेखाली बघायची. इंगळ दिसले की म्हणायची, "काढा ते. ऊब मी देते."

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की पाच मिनिटं काढा. आपल्या गटात कोण गरोदर आहे, कुणाच्या घरी तान्हं बाळ आहे, नावं घ्या. आणि दोघीजणी जाऊन ती खोली बघून या. सांगायचं ते आजीला सांगा, सुनेला नको. सुनेच्या हातात काही नसतं, आणि आजीचा जीव बाळावर असतोच.